वरातीतला मास्तर

आमचे सर सिनेमाला जात ते पडद्यावर जो बोलत नसेल त्याच्याकडे बघायला. नायक नायिकेला प्रेमाची कबुली देतोय, थेटरात शिट्ट्या पडताहेत, आणि सर माझ्या मांडीवर चापट मारून सांगताहेत, "अरे, तो मागचा गडी बघ! चहाचा ट्रे घेऊन कधीचा उभा आहे. चहा गार होतोय हे फक्त त्याला कळतंय. अख्ख्या सिनेमात जबाबदार माणूस तेवढा एक." त्यामुळे जळगावात सरांबरोबर मी जेवढे सिनेमे पाहिले, त्यांतल्या एकाचीही गोष्ट मला आज सांगता येणार नाही. मारामारी चालू असताना मागे भाजी कोण विकत होतं, ते मात्र विचारा.

सर कॉलेजात मराठी शिकवत. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो. पुढे विभागात जागा रिकामी झाली आणि दुसरं कोणी फिरकलं नाही, म्हणून त्यांचा सहकारी झालो. करडा सफारी, तेल चोपडून मागे वळवलेले केस, आणि हातात वायरची विणलेली पिशवी. बघणाऱ्याला वाटे, पिशवीत मेथीची जुडी असेल. असायचा टेपरेकॉर्डर. वर्गात आले की सर आधी खिडकी उघडून सेल उन्हात ठेवत. ऊन जळगावचं, मेलेले सेलसुद्धा पुन्हा कामावर रुजू होत. तोवर सर खिशातली पेन्सिल कॅसेटच्या भोकात घालून फिरवत हजेरी घेत. पेन्सिल फिरायची थांबली की समजायचं, गाणं सापडलं, आता हजेरीत आपलं नाव यायचं राहिलं तरी राहिलं.

त्यांचं म्हणणं एवढंच की पात्र नुसतं वाचून कळत नाही, त्याला गाणं लावून बघावं लागतं.

"कादंबरीतले मामलेदार घ्या. बायकोवर खेकसताहेत. मागे काय वाजेल? पेटी? छे! बँड लावा, पितळी. बघा कसे ताठ झाले! आता बँड काढा, नुसती ढोलकी ठेवा. गेला की नाही रुबाब? उरला तो खरा मामलेदार. लिहून घ्या."

आम्ही काय लिहून घेणार? आम्ही बाकावर ठेका धरलेला. पण मामलेदाराची स्वभाववैशिष्ट्यं पाठ करायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. शेजारच्या वर्गात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांचे मात्र हाल. "मी इकडे मागणी आणि पुरवठा शिकवतो," ते स्टाफरूममध्ये कळवळून सांगत, "आणि भिंतीपलीकडून कोणीतरी बाई साजणाला बोलावते. पोरांची सगळी मागणी तिकडे जाते हो!"

एक शब्द मात्र सरांपुढे काढायचा नाही: काल्पनिक. नव्यानं आलेला एक हुशार मुलगा एकदा उभा राहून म्हणाला, "पण सर, हे पात्र तर काल्पनिक आहे."

"बाहेर," सर म्हणाले.

"सर?"

"तू मला कधी भेटलास? या जूनमध्ये. त्याला मी कॉलेजात शिकत होतो तेव्हापासून ओळखतो. मग तुम्हा दोघांत काल्पनिक कोण रे? बाहेर!"

संध्याकाळी आम्ही मेहरूणच्या तलावाकडे फिरायला जायचो. वाटेत बोरं विकायला बसलेल्या बायकांपुढे एक गृहस्थ उकिडवे बसलेले दिसले, की सर माझं मनगट धरत. "मामलेदार! बघ, बोर आंबट निघालं तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाहीयेत." आणि मोठ्यानं, "नमस्कार रावसाहेब!" ते गृहस्थ बिचारे कुठल्याशा पतपेढीतले, पण रावसाहेब म्हटल्यावर तेही छाती काढून नमस्कार करत. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "तुमच्या सरांचं काय सांगू? परवा दूधवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, धीर धर, गेलेलं माणूस परत येत नाही. त्याची बायको ठणठणीत आहे हो! धडधाकट बाई! कादंबरीत गेली होती."

असल्या गुरूचा मी पट्टशिष्य. पट्टशिष्य म्हणजे गुरूचं सगळं उचलतो आणि उलटं लावतो तो. परीक्षेत मी एका सासूच्या पात्रावर लिहिलं, "ही बाई तबल्यावर चालते, पण बोलते सनईत." तपासणाऱ्याने मला जेमतेम काठावर सोडलं. पुढे शिकवायला लागलो तेव्हा त्याच सासूसाठी घरून एक कॅसेट घेऊन वर्गात गेलो आणि झोकात बटण दाबलं. गाणं कुठलं! सुरतेला दिलेल्या माझ्या बहिणीसाठी आमच्या मावशीने काळ्या मसाल्याची कृती बोलून भरलेली कॅसेट होती ती. "खोबरं भाजजो, जाळजो नको! मागल्या वारी जाळं होतं तू. तुन्या सासूनी मालेच बोल लावा." वर्ग बाकांवरून खाली पडायचा बाकी. मी बटण शोधतोय, ते सापडत नाही, मावशी धण्यांवर आलेली. तेवढ्यात दारात सर.

"बंद करू नकोस," ते कुजबुजले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. मसाला डब्यात भरेपर्यंत डोळे मिटून ऐकलं. मग उठून वर्गाला म्हणाले, "सासू ही अशी. वीस पानांत लेखकाला जमलं नाही ते या बाईंनी खोबऱ्यात केलं." मी त्या दिवशी पुढचं काही शिकवू शकलो नाही. मावशीनंतर मी काय शिकवणार?

पण सरांचा खरा जीव होता तो मास्तरवर.

हा मास्तर म्हणजे आमच्या बी.ए.च्या कादंबरीतला एक शाळामास्तर. रेल्वेस्टेशनच्या गावात राहतो. शेजारच्या मुलीवर त्याचं जिवापाड प्रेम, पण तोंडातून शब्द काढत नाही. तिचं लग्न दुसरीकडे ठरतं, ती सासरी निघते, आणि हा तिची ट्रंक डोक्यावर घेऊन स्टेशनवर पोचवून येतो. गाडी सुटते. हा घरी येऊन मुलांच्या वह्या तपासतो. संपली कादंबरी. गाइडांत त्याला त्यागमूर्ती म्हटलेलं असे. सर म्हणत, "मूर्ती कसली? माणूस आहे तो. घाबरट, साधा, गोड माणूस. आणि त्याला बघायचं असेल तर तिकीट काढा."

झालं होतं असं, की त्या सुमारास एका हिंदी सिनेमातलं गाणं सगळीकडे वाजत होतं. नायक प्रेयसीच्या लग्नात दाराशी उभा आहे, तिची वरात दुसऱ्याबरोबर निघाली आहे, आणि हा सुखी राहा म्हणून गातोय. सरांनी आम्हा सगळ्यांना दुपारच्या खेळाला नेलं. "आवाज ऐकू नका. त्याचा हात बघा." आम्ही बघितला. गाताना तो नट रडत नाही, की आभाळाकडे बघत नाही. वर सरकवलेली बाही खाली ओढतो आणि मनगटाचं बटण लावतो. लावतो, काढतो, पुन्हा लावतो. "त्या बटणात मास्तर आहे!" सर अंधारात ओरडले. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, मास्तर घर्ले जायीसन शोधा!" पण त्या दिवसापासून आमच्या वर्गाचं पक्कं झालं. ते गाणं म्हणजे मास्तर आणि मास्तर म्हणजे ते गाणं. हे समीकरण वर्गाबाहेर कोणाला माहीत नाही, ही क्षुल्लक बाब माझ्या लक्षात राहिली नाही.

माझं लग्न धुळ्याच्या मुलीशी ठरलं. मुलीचं नाव वसुधा. बघण्याच्या कार्यक्रमात मोठ्यांनी आम्हाला दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. मी विचारलं, "बी.ए.ला कोणती कादंबरी होती तुम्हाला?" तीच होती. मग आम्ही वाळत घातलेल्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, शेजारी उभं राहून मास्तरबद्दलच बोलत राहिलो. खाली आल्यावर आईने विचारलं, "काय बोललात रे?" म्हटलं, "मास्तरबद्दल." आई समाधानानं म्हणाली, "ओळखीचं निघालं का कोणी? चला, बरं झालं."

आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात मला ती कल्पना सुचली. मराठीच्या प्राध्यापकालाच सुचू शकते अशी. वरात वसुधाच्या दारात पोचली की बँडवर ते गाणं वाजवायचं! बाकीच्यांना ते नुसतं गाणं वाटेल, पण आत बसलेल्या वसुधाला, तिला एकटीलाच, कळेल. बँड आम्ही जळगावहून नेलेला. बँडमास्तर वयस्कर माणूस, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या. तो म्हणाला, "साहेब, हे गाणं? वरातीत?"

"वाजवा तुम्ही," मी म्हणालो, "त्याला साहित्यिक कारण आहे."

साहित्याशी त्याचं काही वैर नव्हतं. त्याने वाजवलं.

आता त्या गल्लीतली परिस्थिती अशी: कादंबरी वाचलेले आम्ही तिघं, म्हणजे मी, वसुधा आणि वऱ्हाडाबरोबर आलेले सर. सिनेमा पाहिलेली बाकीची बठ्ठी, म्हणजे झाडून सगळी, जनता. क्लॅरिनेटने पहिली ओळ घेतली आणि घोड्यापुढे नाचणाऱ्या माझ्या आतेभावांचे हात हवेतच राहिले. मुलीकडच्या बायका ओवाळणीची ताटं घेऊन दारात उभ्या होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. वरच्या खिडकीतून एक म्हातारी म्हणाली, "आ वं माय!" आणि मांडवातून वसुधाचे मामा बाहेर आले. मामा एसटीत कंडक्टर. आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा.

"ए बँडवाला! थांब! हाई काय वाजाडी ऱ्हायना?"

"माले काय बोलतस भाऊ?" बँडमास्तर म्हणाला. "नवरदेवनी सांगं."

सगळी गल्ली घोड्यावर बघायला लागली. मी मुंडावळ्यांतून.

"जावईबापू," मामा म्हणाले, "हाई गानं तर पोरगी दुसराले आवडस, तव्हयनं शे."

"नाही हो मामा, तसं काही नाही! ते मास्तरचं गाणं आहे."

"कोन मास्तर?"

"वसुधाला माहीत आहे."

हे मी बोललो. शुद्धीवर असताना, भर गल्लीत, हातात तलवार घेऊन. घोड्यानेसुद्धा मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"वसुधाना मास्तर शे म्हने!" एवढं वाक्य मांडवापर्यंत जायला वेळ लागला नाही, आणि परत येईपर्यंत त्याला हातपाय फुटले होते. मास्तर कुठल्या शाळेतला, कुठल्या जातीचा, आज आलाय का, इथवर मजल गेली. वसुधाचे वडील, आबा, गर्दीतून पुढे आले. धुळ्याजवळचे कपाशीचे शेतकरी, मितभाषी माणूस. फेट्याचं टोक मुठीत आवळून धरलेलं. तेव्हा मला कळलं की माझी गंमत संपली. आत मुलगी हळद लावून बसलेली, आणि बाहेर भर रस्त्यात तिच्या नावाला एक मास्तर चिकटलेला. लग्न मोडायला त्या काळी एवढं पुरे होतं. मोडलं तर मी जळगावला परत जाऊन पुन्हा मामलेदार शिकवणार होतो. तिला मात्र त्याच गल्लीत जन्मभर ऐकून घ्यायचं होतं.

"आबासाहेब, मी सांगतो." सर पुढे झाले. मला हायसं वाटलं. हा माणूस बोलला की वर्ग गप्प होतो.

"या मास्तरला मी चांगला ओळखतो," सर म्हणाले.

माझं हायसं वाटणं तिथेच संपलं.

"अतिशय सज्जन माणूस. प्रेम जिवापाड, पण कधी ब्र काढला नाही. तिची ट्रंक स्वतः डोक्यावर घेऊन स्टेशनवर..."

"ट्रंक?" मामा किंचाळले. "कोन्ही ट्रंक?"

"आते कोठे शे तो?" आबांनी विचारलं.

"आहे की. जाणार कुठे?"

"सर!" मी घोड्यावरून ओरडलो. "सर, सांगा ना त्यांना!"

आबांनी फेट्याचं टोक सोडलं. सरांच्या अगदी जवळ येऊन, खालच्या आवाजात ते म्हणाले, "सर, तुम्ही शिकेल मानूस शेतस. मी तुम्हना सबदवर इसवास ठेवस. माले एकच सांगा. तो मास्तर शे, का नही शे?"

एक शब्द हवा होता. तोच, जो उच्चारल्याबद्दल सरांनी इतकी वर्षं पोरांना वर्गाबाहेर काढलं होतं. सर माझ्याकडे बघेनात, आबांकडेही बघेनात. लग्न म्हणून त्यांनी सफारी सोडून लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. त्यांचा हात मनगटाकडे गेला. बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"नाही," सर म्हणाले. "काल्पनिक आहे. पुस्तकातला."

"पक्कं?"

"पक्कं. असा माणूस नाही. नव्हताच कधी."

आबांनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि मान हलवली. मामांनी वळून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "पुस्तकमातला शे हो, पुस्तकमातला!" बायका हसल्या, म्हातारीने खिडकी लावून घेतली, बँडमास्तरने न विचारता नाचाचं गाणं सुरू केलं, घोडा बिथरला, आणि मी उतरलो म्हणण्यापेक्षा मामांच्या अंगावर आलो. मुहूर्त टळला नाही. सर पंगतीला बसले, पण वरणात बट्टी नुसती कुस्करून ठेवली आणि वऱ्हाडाच्या गाडीची वाट न बघता एसटीने निघून गेले.

कॉलेज पुन्हा सुरू झालं. मास्तरचा भाग शिकवायची वेळ आली तेव्हा सरांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "तू घे."

"मी? सर, मास्तर तुमचा."

"माझ्याशी तो बोलत नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा. पण सर खरंच वर्गावर आले नाहीत. वायरची पिशवी खुंटीला लटकलेली राहिली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक काळजीत पडून मला विचारू लागले, "सरांना बरं नाही का? माझा मागणी-पुरवठा एका दमात शिकवून झाला. कसंतरीच वाटलं." काकू घरी येऊन वसुधाजवळ म्हणाल्या, "लक्षण ठीक नाही गं. काल सिनेमाला गेले होते, तर नायकाकडेच बघत बसले."

वसुधाने सरांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. ते खाली मान घालून जेवत होते. मी इकडचं तिकडचं बोलून बघितलं. हुं हुं एवढंच. वसुधा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "सर, मास्तर तुमच्यावर रागावला आहे असं वाटतं का तुम्हाला?"

मी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिने बघितलंच नाही.

सर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "भर रस्त्यात नाकारलं मी त्याला. नव्हताच कधी, असं म्हणालो."

"पण बोललात ना? वेळ जायच्या आत बोललात, दुसऱ्यासाठी बोललात. त्याला स्वतःसाठी एक शब्द काढता आला नाही. तो तुमच्यावर कशाला रागावेल?" तिने भाकरीवर भरीत घातलं. "आणि तो तिथेच होता की."

सरांचा घास हातात राहिला. "कुठे?"

"गर्दीत. बँडवाल्यांच्या मागे. मी मांडवाच्या कनातीतून बघत होते, सगळे तुमच्याकडे बघत होते तेव्हा. तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा बघितलं मी त्याच्याकडे."

मी वसुधाकडे बघितलं. चेहरा सरळ. थट्टेचा मागमूस नाही. सर पाटावरून किंचित पुढे सरकले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ते जुनं काहीतरी आलं, थेटरात दिवे मालवले की यायचं ते.

"मग?" त्यांनी विचारलं. "काय म्हणाला?"

"काही नाही," वसुधा म्हणाली. "काही बोलला नाही."

सर हसले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं हसले, भरिताची मिरची घशात गेली, ठसका लागला, मी पाणी दिलं, ते त्यांनी हातानेच बाजूला सारलं.

"मग तोच होता," सर म्हणाले, आणि ताट पुढे केलं.